डेस्कटॉप घेताना काय आज घ्यावे आणि काय उद्यावर टाकावे

डेस्कटॉप संगणक मागवताना विक्रेता पर्यायांची जी यादी समोर ठेवतो, तिच्यात एक गंमत असते. ८ जीबीऐवजी १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), ५१२ जीबीऐवजी १ टीबी एसएसडी (फायली साठवणारी, फिरते भाग नसलेली डिस्क), एक पायरी वरचे ग्राफिक्स कार्ड असे जे पर्याय ठळकपणे मांडलेले असतात, ते जवळजवळ सगळे नंतर एखाद्या रविवारी दुपारी एका स्क्रूड्रायव्हरच्या बळावर बदलता येतात. उलट जे भाग बदलायला अख्खा संगणक उचकटावा लागतो, म्हणजे मदरबोर्ड (बाकीचे भाग ज्याला जोडले जातात ती मुख्य पाटी), पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट, त्यांचा उल्लेख तळाशी एका ओळीत असतो किंवा नसतोच. ग्राहक वरच्या ओळींवर तासभर विचार करतो आणि खालची ओळ न वाचताच पैसे भरतो. हा क्रम उलटा करावा, म्हणजे जे बदलणे अवघड ते आधी आणि नीट पारखून घ्यावे आणि जे सोपे ते गरजेपुरते घेऊन बाकीचे पुढे ढकलावे, हेच या लेखाचे सूत्र आहे. हेच सूत्र जुना संगणक सुधारायचा की नवा घ्यायचा हे ठरवतानाही उपयोगी पडते.

आधी मोजमाप, मग खरेदी

हाताशी एखादा संगणक असेल, मग तो कितीही मंद असो, तर त्याच्यावर नेहमीचे काम सुरू करून टास्क मॅनेजर उघडावा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की तो उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. ज्या क्षणी संगणक अडखळतो, त्या क्षणी यांपैकी कोणता आलेख छताला टेकला आहे एवढेच पाहायचे असते. मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेली आहे आणि त्याच वेळी डिस्कही सतत राबते आहे, असे दिसले तर रॅम अपुरी पडते आहे, कारण जागा संपल्यावर संगणक मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवू लागतो. मेमरी अर्धी मोकळी आहे पण डिस्क शंभर टक्के व्यग्र आहे, तर बहुधा आत जुनी फिरती हार्ड डिस्क आहे आणि तीच दोषी आहे.

प्रोसेसरचा आलेख मात्र फसवा असतो. समजा प्रोसेसरमध्ये ८ कोअर (स्वतंत्र गणनाकेंद्रे) आणि १६ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या धारा) आहेत आणि तुमचा प्रोग्राम त्यांतला एकच थ्रेड पुरेपूर वापरतो आहे. अशा वेळी एकूण वापर जेमतेम ६ टक्के दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते की प्रोसेसर तर निवांत बसला आहे. आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा (म्हणजे थ्रेडचा) आलेख वेगळा पाहिला की एकच चौकोन भरलेला आणि बाकी रिकामे, हे चित्र स्पष्ट होते. अशा माणसाने जास्त कोअरचा प्रोसेसर घेतला तर त्याच्या हाती काहीही लागणार नाही. त्याला एका कोअरचा वेग वाढवून हवा आहे.

हे मोजमाप दोनतीन दिवस करावे आणि निष्कर्ष कागदावर लिहून ठेवावा. पुढे विक्रेत्याशी बोलताना तो कागदच आपल्या बाजूने बोलतो.

मदरबोर्ड आणि सॉकेट

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि तुमचा डेस्कटॉप पुढे किती वर्षे सुधारता येईल हे बऱ्याच अंशी तीच ठरवते. एएमडी या कंपनीचे एएम४ सॉकेट २०१६ साली आले, त्यावर २०१७ साली पहिले रायझन प्रोसेसर बसले आणि २०२२ साली आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसरही त्याच सॉकेटमध्ये बसतो. सुरुवातीला मदरबोर्ड घेतलेल्या अनेकांना नुसते बायोस (मदरबोर्डातला, संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून पाच वर्षांनी नवा, कितीतरी वेगवान प्रोसेसर लावता आला. इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटवर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालले आणि २०२४ साली एलजीए १८५१ आल्यावर तो रस्ता बंद झाला. म्हणून इंटेलचे प्रोसेसर घेऊच नयेत असे नव्हे. पाचसहा वर्षे प्रोसेसरला हात न लावणाऱ्याला सॉकेटच्या भविष्याशी काही देणेघेणे नसते. पण 'आत्ता स्वस्तातला घेतो, मग दोन वर्षांनी चांगला टाकतो' असा बेत असेल, तर ज्या सॉकेटचा शेवट जवळ आला आहे ते घेणे म्हणजे त्या बेतावर आधीच पाणी सोडणे होय.

मेमरीचा प्रकारही मदरबोर्डच ठरवतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या स्टिकांची (पट्ट्यांची) खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसतच नाही. एएमडीच्या एएम४नंतरच्या एएम५ आणि इंटेलच्या एलजीए १८५१ यांवर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७००च्या मदरबोर्डांत मात्र दोन्ही प्रकार मिळतात, म्हणून तिथे मॉडेलचे पूर्ण नाव वाचावे.

मदरबोर्ड पाहताना मी चार गोष्टी मोजतो: रॅमचे स्लॉट दोन आहेत की चार, एम.२ एसएसडीच्या (मदरबोर्डावर थेट बसणाऱ्या पातळ एसएसडीच्या) जागा किती, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी आहे की नाही, आणि एम.२ची दुसरी जागा भरल्यावर साटाचे (केबलने डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीचे) एखादे पोर्ट बंद पडते का. शेवटची गोष्ट फक्त माहितीपुस्तिकेत सापडते. पुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते आणि खरेदीपूर्वी ती वाचायला पंधरा मिनिटे पुरतात. विक्रेता 'अमुक कंपनीचा मदरबोर्ड' एवढेच सांगून मॉडेल सांगायला टाळाटाळ करत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर: कोअर किती आणि अक्षरे कोणती

एखाद्या कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो भाग कितीही कोअर लावले तरी तेवढाच वेळ घेतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हा विचार आजही खरेदीच्या वेळी कामाला येतो. कामाचा निम्मा भाग असा क्रमवार असेल, तर हजार कोअर लावूनही ते दुपटीपेक्षा वेगाने होणार नाही. टंकलेखन, हिशेब, ब्राउझर आणि बरेचसे खेळ यांत क्रमवार भाग मोठा असतो, म्हणून तिथे ६ किंवा ८ चपळ कोअर पुरतात. व्हिडिओचे रूपांतर, त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग किंवा मोठ्या प्रोग्रामचे कंपायलेशन ही कामे मात्र तुकड्यांत वाटता येतात आणि तिथे १२ किंवा १६ कोअरचे पैसे वसूल होतात.

नावाच्या शेवटची अक्षरे जरूर वाचावीत. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, म्हणजे वेगळे कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. थोडी बचत म्हणून असा प्रोसेसर घेणाऱ्याला कार्ड बिघडल्यावर संगणकच चालवता येत नाही, तेव्हा ही बचत मला कधीच पटलेली नाही. 'के' असेल तर ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची सोय असते, पण तिचा उपयोग झेड मालिकेच्या चिपसेटच्या (मदरबोर्डावरच्या नियंत्रक चिपच्या) मदरबोर्डावरच होतो. साध्या मदरबोर्डासोबत 'के' विकणारे कॉन्फिगरेशन बरेचदा नुसते भारदस्त दिसण्यासाठी केलेले असते.

पॉवर सप्लाय, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात

संगणकाचा हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि बिघडल्यावर बाकीच्यांना सोबत घेऊन जाऊ शकणारा भागही हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

किती वॅटचा घ्यावा, याचा हिशेब घरी करता येतो. प्रोसेसरवर लिहिलेला वॅटचा आकडा हा त्याचा कमाल वापर नसतो. एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो आणि इंटेलच्या कोअर आय९ १४९००के याचा मूळ आकडा १२५ असला तरी कमाल आकडा २५३ वॅटचा आहे. समजा प्रोसेसरला ८८, ग्राफिक्स कार्डला २०० आणि मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांना मिळून ६० वॅट धरले, तर बेरीज ३५० वॅटच्या आसपास जाते. यावर ५५० ते ६५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा. ही उधळपट्टी नाही, कारण ग्राफिक्स कार्डे क्षणार्धासाठी नमूद आकड्याच्या बरीच वर उसळी मारतात आणि काठोकाठ भरलेला पॉवर सप्लाय त्या क्षणी संगणक बंद करून टाकतो. शिवाय पुढे मोठे कार्ड लावायचे झाले तर हीच मोकळी जागा कामाला येते.

८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के कार्यक्षमता सांगतात, दर्जा नव्हे. पॉवर सप्लायवरचा आकडा तो संगणकाला किती देऊ शकतो याचा असतो, भिंतीतून किती ओढतो याचा नसतो. आतल्या भागांना ३०० वॅट हवे असतील आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून सुमारे ३५३ वॅट ओढले जातात आणि वरचे ५३ वॅट उष्णता बनून वाया जातात. दर्जाचा अंदाज घेण्यासाठी शिक्क्यापेक्षा हमीची वर्षे पाहावीत. स्वतःच्या मालावर सात किंवा दहा वर्षे विश्वास ठेवणारा निर्माता आणि एका वर्षात हात झटकणारा निर्माता यांच्यातला फरक पुरेसा बोलका असतो.

एक इशारा अनुभवातून देतो. मॉड्युलर पॉवर सप्लायच्या सुट्या केबली दुसऱ्या कंपनीच्या, किंवा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलच्या पॉवर सप्लायला कधीही लावू नयेत. टोके एकसारखी दिसतात, बसतातही व्यवस्थित, पण पॉवर सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम निर्मात्यागणिक बदलतो. नवा पॉवर सप्लाय बसवताना 'आधीच्या केबली नीट बांधलेल्या आहेत, त्याच ठेवू' असा शहाणपणा मी एकदा केला आणि बटण दाबताच दोन हार्ड डिस्क एका क्षणात गमावल्या.

ब्रँडेड डेस्कटॉप घेणाऱ्यांनी इथे जास्त सावध असावे. कार्यालयांसाठी बनवलेल्या काही मॉडेलांत मदरबोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो, पॉवर सप्लायचा आकारही वेगळा असतो आणि कॅबिनेट इतके सडपातळ असते की त्यात पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही. अशा संगणकात पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड लावण्याचा विचार सोडूनच द्यावा. मदरबोर्डाचा स्लॉट स्वतः ७५ वॅट देऊ शकतो, तेव्हा वेगळी वीजजोडणी न लागणारे बुटके कार्ड एवढाच पर्याय तिथे उरतो. असेंबल केलेल्या संगणकातही कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचे कार्ड आणि किती उंचीचा कूलर मावतो, हे आकडे आधीच टिपून ठेवावेत.

जे पुढे ढकलता येते

रॅम, साठवण आणि ग्राफिक्स कार्ड या तीन ठिकाणी हात आखडता घेतला तरी चालतो, मात्र प्रत्येकाची एकेक मेख आहे.

रॅमची मेख जोडीत आहे. १६ जीबीची एकच स्टिक लावली तर मेमरीचा एकच मार्ग वापरला जातो. ८ जीबीच्या दोन लावल्या तर दोन्ही मार्ग चालू होतात. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्याला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, कारण ते ग्राफिक्स हीच मेमरी वापरते. डीडीआर४च्या काळात 'आज दोन, नंतर आणखी दोन' हा बेत ठीक चालत असे. डीडीआर५मध्ये तो तितका सरळ राहिलेला नाही. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत मेमरी वेग दोन स्टिक असताना ५२०० आहे आणि चार स्टिक लावल्यावर ३६०० पर्यंत खाली येतो. म्हणून डीडीआर५ घेणाऱ्याने आपल्याला पुढे ३२ जीबी लागतील असे वाटत असेल, तर ८च्या दोन स्टिकांऐवजी १६ जीबीच्या दोन स्टिकांचा संच सुरुवातीलाच घ्यावा. घरगुती आणि कार्यालयीन कामाला १६ जीबी, छायाचित्रे, व्हिडिओ आणि नवे खेळ यांना ३२ जीबी, हा अंदाज बहुतेकांना पुरतो.

साठवणीत मोठी उडी फक्त एकच आहे, हार्ड डिस्कवरून एसएसडीवर. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एक फेरा पुरा करायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली ठिकठिकाणाहून वाचाव्या लागतात. त्यामुळे ती डिस्क बराच वेळ वाचण्याऐवजी नुसती वाट पाहण्यात घालवते. एसएसडीत काही फिरतच नाही. त्यानंतरच्या उड्या कागदावर भव्य दिसतात: साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी, एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या तिसऱ्या पिढीत ३५०० आणि चौथ्या पिढीत ७००० एमबी. पण रोजच्या कामात साटाहून एनव्हीएमईवर जाण्याचा फरक थोडासाच जाणवतो आणि तिसऱ्या पिढीहून चौथीवर जाण्याचा तर बहुतेकांना जाणवतही नाही. मोठमोठ्या व्हिडिओ फायली सतत इकडून तिकडे नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी वेगावरचे पैसे क्षमतेवर लावावेत आणि १ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते म्हणून विक्रेत्याशी भांडू नये. तो मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे. एम.२ आकाराची एसएसडी साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही, तेव्हा मदरबोर्डाची जागा कोणता प्रकार घेते हे पाहूनच मागवावी.

ग्राफिक्स कार्ड निवडताना नजर मॉनिटरवर ठेवावी. १९२० गुणिले १०८० या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात आणि ३८४० गुणिले २१६० या पडद्यावर बरोबर चौपट, म्हणून पहिल्यावर सुसाट धावणारे कार्ड दुसऱ्यावर धापा टाकते. उलट ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर असेल तर सेकंदाला १४० चित्रे काढणाऱ्या कार्डाची मेहनत बरीचशी वायाच जाते. कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. दोन कार्डांत वेग थोडा कमीजास्त आणि मेमरी एकात ८ तर दुसऱ्यात १६ जीबी असेल, तर कार्ड चारपाच वर्षे वापरणाऱ्यासाठी मी १६ची बाजू घेईन.

फरकाची किंमत

कॉन्फिगरेशनमधला प्रत्येक वाढीव पर्याय तपासण्याची एक साधी रीत आहे. विक्रेता ८ जीबीवरून १६ जीबीवर जायला जेवढे जादा पैसे मागतो, ते बाजारात मिळणाऱ्या १६ जीबीच्या सबंध संचाच्या किमतीशी ताडून पाहावेत. फरकच संचाच्या किमतीइतका किंवा अधिक असेल, तर सर्वांत कमी रॅम घेऊन नंतर स्वतः बदलणे फायद्याचे ठरते, आणि काढलेली रॅम हाती राहते ती वेगळीच. एसएसडीलाही हीच रीत लागू पडते. प्रोसेसरला मात्र ती लावू नये, कारण काढून ठेवलेला प्रोसेसर कोणाच्या फारसा उपयोगी पडत नाही आणि तिथे सुरुवातीलाच योग्य तो घेणे शेवटी स्वस्त पडते. कॅबिनेट उघडल्याने हमीवर परिणाम होतो का, हे विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावे.

जुना संगणक सुधारताना

इथे सुरुवात मोजमापाच्या कागदापासूनच करावी. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकात आधी एसएसडी, मग रॅम, हा क्रम सहसा चुकत नाही, आणि एसएसडी पुढे नव्या संगणकात नेता येण्याची शक्यताही असते; रॅम मात्र नव्या मदरबोर्डाला तोच प्रकार चालत असेल तरच. प्रोसेसर बदलण्यापूर्वी मदरबोर्डाच्या निर्मात्याच्या यादीत तो आहे का आणि त्याला कोणते बायोस लागते हे पाहावे, आणि बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अद्ययावत करावे. नवा बसवल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर ते काम अवघड होऊन बसते.

थांबायचे कुठे, हाही प्रश्न आहे. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) व अधिकृत यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीच्या संगणकावर विंडोजच चालवायचे असेल, तर त्यात महागडी रॅम किंवा कार्ड घालणे मला व्यवहार्य वाटत नाही. लिनक्स चालवणाऱ्याला हे बंधन नाही, आणि एसएसडी घातलेला सातव्या पिढीचा संगणक लिनक्सवर लेखन, वाचन आणि ब्राउझर यांसाठी अजून छान चालतो. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिन्ही बदलण्याची वेळ आली, की ती सुधारणा राहत नाही; जुन्या कॅबिनेटमधला तो नवा संगणकच असतो आणि त्याचा हिशेबही तसाच मांडावा.

घरी आणल्यावर

डीडीआर५ असलेला संगणक पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळी मदरबोर्ड मेमरीचे वेग जुळवत असतो, तेव्हा घाबरून वीज बंद करू नये. संगणक सुरू झाला की बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय चालू आहे का ते पाहावे, नाहीतर वेगवान म्हणून घेतलेली रॅम मूळ संथ वेगानेच चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि भरलेले स्लॉट दोन्ही दिसतात, ते पावतीशी ताडून घ्यावेत. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या नव्हे तर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावलेली आहे ना, हेही मागे वाकून पाहावे. नवे कार्ड घेऊन पहिले दोन महिने मी ही केबल चुकीच्या जागी ठेवली होती आणि कार्डालाच दोष देत होतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आकडा स्वतः निवडावा लागतो. शेवटी संगणकाला तासभर जड कामाला जुंपून प्रोसेसर आणि कार्ड यांचे तापमान पाहावे, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत सगळी खोकी जपून ठेवावीत.